हालाँगचा भूगोल: चुनखडीचे डोंगर समुद्रात कसे उभे राहिले?

नकाशावर अमरावतीवर बोट ठेवा आणि त्याच अक्षांशावरून सरळ पूर्वेला सरकत जा. ओडिशाचा किनारा, बंगालचा उपसागर, म्यानमार, लाओस ओलांडून बोट पुन्हा समुद्राला लागतं, तिथे व्हिएतनामच्या क्वांग निन्ह प्रांतातलं हालाँग आहे. अक्षांश दोन्हीकडे 21 अंशांच्या किंचित खाली. समोर तोन्किनचं आखात, आणि त्यात पाण्यातून थेट वर आलेले चुनखडीचे सुळके. अधिकृत मोजणीनुसार 1,553 चौरस किलोमीटरच्या उपसागरात 1,969 बेटं आहेत. त्यातला 434 चौरस किलोमीटरचा गाभा, 775 बेटांसह, 1994 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तेव्हा कारण होतं निसर्गसौंदर्य. 2000 मध्ये भूरचनेसाठी त्याची पुन्हा नोंद झाली आणि 2023 मध्ये शेजारच्या हायफाँगमधला कात बा द्वीपसमूहही त्यात जोडला गेला.

फोटोत हे सगळं नुसतं सुंदर दिसतं. पण हालाँग समजून घ्यायचं तर आधी तिथले दोन खडक ओळखावे लागतात. शहर कुठे वसलं, बंदर कुठे झालं, पूर कुठे येतो, बेटांवर वस्ती का नाही, हे सगळं त्या दोन खडकांपर्यंत जाऊन पोचतं.

पहिला चुनखडीचा. हा कार्बनी आणि पर्मियन काळात, म्हणजे साधारण 34 ते 25 कोटी वर्षांपूर्वी, उबदार उथळ समुद्राच्या तळाशी साचला. शिंपले, प्रवाळ आणि सूक्ष्म जीवांच्या कवचांचा हा थर हजार मीटरहून जाड आहे. दुसरा खडक वालुकाश्म, पंकाश्म आणि शेल यांचा, म्हणजे वाळू, गाळ आणि चिखल घट्ट होऊन झालेला. तो नंतरचा, ट्रायसिक काळाच्या उत्तरार्धातला, वीसेक कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा इथे दलदलीची जंगलं होती आणि त्यांचाच आजचा दगडी कोळसा झाला. ढोबळ मानाने बोलायचं तर उपसागर चुनखडीत आहे आणि शहर कोळशाच्या खडकात. पहिला खडक पाण्यात विरघळतो. दुसरा विरघळत नाही, पण भुगा होऊन वाहून जातो.

चंद्रपूर आणि वणीच्या वाचकाला ही जोडी ओळखीची वाटेल. तिथेही कोळसा आणि चुनखडी शेजारी शेजारी आहेत, म्हणूनच सिमेंटचे कारखाने आहेत. हालाँगच्या उत्तरेला ह्वान बो भागातही सिमेंटचे कारखाने याच कारणाने आले. फरक इतकाच की हालाँगचा कोळसा अँथ्रासाइट आहे: कठीण, चकचकीत, कार्बन भरपूर आणि धूर कमी.

निवळीचा प्रयोग, डोंगराएवढा

शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारायचा प्रयोग असतो. निवळी दुधाळ होते, आणि बहुतेक वर्गांत प्रयोग तिथेच थांबतो. थांबू नका, फुंकत राहा. थोड्या वेळाने दुधाळपणा जातो आणि पाणी पुन्हा नितळ होतं. आधी श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने निवळीतून कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण बाहेर काढले. तोच चुनखडीचा दगड. आणखी कार्बन डायऑक्साइड मिसळल्यावर पाणी आम्लधर्मी झालं आणि ते कण कॅल्शियम बायकार्बोनेट होऊन विरघळले. आता हे नितळ पाणी तापवा. वायू निघून जातो आणि पाणी परत दुधाळ होतं.

हालाँगचे डोंगर दुसऱ्या पायरीने कोरले आणि गुहांमधले लवणस्तंभ तिसऱ्या पायरीने वाढवले. पावसाचं पाणी हवेतून थोडा कार्बन डायऑक्साइड घेतं, पण खरी भर पडते ती मातीत. मुळं आणि कुजणारा पाला यांच्यामुळे मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. म्हणून उष्ण, दमट, दाट झाडीच्या प्रदेशात चुनखडी झपाट्याने झिजते. कोरड्या वाळवंटात तोच दगड खंबीरपणे उभा राहतो. हालाँगला वर्षाला सुमारे 2,000 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक उन्हाळ्याच्या महिन्यांत, जेव्हा मातीतले जीव सर्वांत जोमात असतात.

पाणी सगळीकडून सारखं झिरपत नाही. ते खडकातल्या उभ्या भेगा धरतं, भेगा रुंदावतात, जमिनीवर वाडग्यासारखे खळगे पडतात आणि खळग्यांच्या मध्ये उरतात शंकूच्या आकाराचे डोंगर. सुरुवातीला हे डोंगर एकाच जाड बुडख्यावर घोळक्याने उभे असतात. चिनी अभ्यासकांनी याला फेंगत्सोंग हे नाव दिलं आणि जगभर तेच वापरतात. पुढे खळग्यांचे तळ भूजलाच्या पातळीला पोचतात. आता पाणी आणखी खाली जाऊ शकत नाही, म्हणून ते आडवं पसरून डोंगरांचे पाय खायला लागतं. कडे उभे होत जातात, घोळका फुटतो आणि सपाट मैदानात सुटे सुळके उरतात. हे फेंगलिन. हालाँगमध्ये दोन्ही अवस्था एकाच फेरीत दिसतात: बो होनसारखी मोठी बेटं म्हणजे घोळके, तर आजूबाजूचे एकांडे सुळके म्हणजे पुढची अवस्था. बहुतेक बेटांची उंची 50 ते 200 मीटरच्या दरम्यान आहे.

असे सुळके व्हायला दगड शुद्ध आणि जाड हवा, भरपूर उष्ण पाऊस हवा, जमीन हळूहळू उचलली जायला हवी आणि वेळ हवा. इथे हे काम सुमारे दोन कोटी वर्षं चाललं. जमीन उचलली गेल्याची खूण गुहांमध्ये सापडते. बो होन बेटावरच्या सुंग सॉत गुहेत जायला आज बरीच चढण चढावी लागते, पण असल्या जुन्या गुहा भूजलाखाली, पाण्याने गच्च भरलेल्या असताना कोरल्या गेल्या. छताकडे नीट पाहिलं तर गोल वाडग्यांसारखे गुळगुळीत खळगे दिसतात. तिथे हवा नव्हती, पाणी होतं. पाणी उतरल्यावरच छतातून थेंब पडायला लागले, थेंबातला वायू गुहेच्या हवेत गेला आणि दगड मागे राहिला: वरून खाली वाढणारे अधोमुखी लवणस्तंभ, खालून वर येणारे ऊर्ध्वमुखी.

मैदान बुडालं, खाच उरली

हे सुळके समुद्राने घडवलेले नाहीत. पर्यटकांना सांगताना हीच चूक सर्रास होते. ते आधी जमिनीवर उभे होते, समुद्र नंतर आला. शेवटच्या हिमयुगाच्या भरात, सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी, जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास 120 मीटर खाली होती. तोन्किनचं आखात इतकं उथळ आहे की त्याचा बहुतेक तळ तेव्हा कोरडा होता आणि हालाँग समुद्रापासून दूर आतल्या भागात होतं. मग बर्फ वितळला, पाणी चढत आलं, मैदानं भरली आणि सुळक्यांची बेटं झाली. उपसागर बहुतेक ठिकाणी जेमतेम 6 ते 10 मीटर खोल आहे, याचं कारणही हेच: खाली बुडालेलं मैदान आहे.

समुद्राचं स्वतःचं काम पाहायचं असेल तर ओहोटीला बोट एखाद्या बेटाजवळ नेऊन पाण्याच्या रेषेकडे पाहा. कड्याच्या पायथ्याशी आडवी, आत गेलेली खाच दिसते, जणू कोणी दोरी बांधून कापत आणली आहे. वरचा दगड करडा आणि धारदार, खाचेतला गडद आणि गुळगुळीत, आणि खालच्या भागात कालवांच्या शिंपल्यांचा खरखरीत पट्टा. भरती-ओहोटीच्या मधल्या या पट्ट्यात दगड रोज भिजतो आणि वाळतो. शेवाळ दगडात सूक्ष्म भोकं पाडतं, ते शेवाळ खरवडून खाणारे शंख दगडही खरवडतात, आणि पाणी उरलेलं काम करतं. काही ठिकाणी खाच कित्येक मीटर आत गेली आहे. आजच्या पातळीच्या वर अशीच दुसरी, सुकलेली खाच दिसली तर ती साधारण सहा-पाच हजार वर्षांपूर्वीची, समुद्र आजच्यापेक्षा दोन-तीन मीटर वर होता तेव्हाची समजावी.

याचा धोका सरळ आहे. खालचा आधार कापला गेला की वरचा दगड उभ्या भेगेवर निसटून कोसळतो. म्हणून खाचेच्या छताखाली छोटी होडी किंवा कयाक थांबवू नये, मुसळधार पावसानंतर तर नाहीच.

कोकणची तिथी तिथे का चालत नाही

कोकणात कोणालाही विचारा, अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. हालाँगमध्ये साधारण 25 तासांत एकच भरती आणि एकच ओहोटी असते. पाणी जवळपास 12 तास चढतं आणि तितकाच वेळ उतरतं. मोठ्या भरतीच्या दिवसांत चढउतार साडेतीन ते चार मीटरपर्यंत जातो.

पाळण्याचा विचार करा. पाळण्याची स्वतःची एक लय असते आणि त्या लयीत धक्का दिला तरच तो उंच जातो. पाण्याने भरलेल्या आखातालाही अशी लय असते, ती त्याच्या लांबी-खोलीवर ठरते. तोन्किनच्या आखाताची लय दिवसातून एकदा येणाऱ्या धक्क्याच्या जवळ जाते. त्यामुळे रोजची एकेरी लाट तिथे फुगते आणि आपल्याकडची अर्ध्या दिवसाची लाट दबते.

या एकेरी भरतीचं वेळापत्रक चंद्राच्या कलेवर ठरत नाही, चंद्र विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे यावर ठरतं. चंद्र दूर उत्तरेला किंवा दक्षिणेला गेला की मोठी भरती. तो विषुववृत्तावर आला की पाणी जेमतेम हलतं, कधी दिवसात दोन किरकोळ भरत्याही होतात. हे चक्र सुमारे 13.7 दिवसांचं, तर अमावास्या ते पौर्णिमा हे अंतर सुमारे 14.8 दिवसांचं. दोन्ही चक्रं वर्षभर एकमेकांवरून सरकत राहतात. परिणाम असा: जून आणि डिसेंबरच्या सुमारास हालाँगचं उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येतं आणि कोकणचा आडाखा बरोबर ठरतो. मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास तो उलटा पडतो, उधाण अष्टमीच्या आसपास आणि भांग पौर्णिमेला. वर्षातलं सर्वांत मोठं उधाणही जून-जुलै आणि डिसेंबर-जानेवारीत येतं, कारण तेव्हा सूर्य आणि चंद्र दोघंही विषुववृत्तापासून दूर असतात.

हे नुसतं गणित नाही. बो होनच्या लुओन गुहेतून किंवा दाऊ बे बेटाच्या बा हाममधून आतल्या बंदिस्त सरोवरात जायची वाट म्हणजे कड्याखालचा ठेंगणा बोगदा. भरतीला छत डोक्याला लागतं, अगदी खालच्या ओहोटीला होडीचा तळ घासतो. आणि एकदा आत गेल्यावर पाणी चढायला लागलं तर ते सहा तासांनी उतरेल हा कोकणातला हिशोब तिथे धरता येत नाही. तिथी न बघता होन गाय बंदराचं त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघावं.

एवढी बेटं, पण राहायला पाणी नाही

चुनखडीवर पडलेला पाऊस भेगांतून गायब होतो. झरा नाही, विहीर नाही, नांगरायला सपाट जमीन नाही. म्हणून इथले मासेमार पिढ्यान् पिढ्या बेटांवर न राहता बेटांच्या आडोशाला तरंगत्या घरांत राहिले. कुआ वानसारखी तरंगती गावं त्यातून वसली. 2014 मध्ये या कुटुंबांना सरकारने किनाऱ्यावरच्या हा फाँग भागात घरं देऊन हलवलं. गोड्या पाण्याबाबत शहराचंही तसंच आहे. त्याचं पाणी समोरच्या रम्य डोंगरांतून येत नाही, ते येतं मागच्या, न विरघळणाऱ्या खडकाच्या टेकड्यांतल्या येन लाप आणि काओ वान या जलाशयांतून.

शहराचा आकार पाहिला की दोन खडकांची गोष्ट पुन्हा पुढे येते. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला समुद्र आणि मध्ये अरुंद पट्टी. या पट्टीला मधोमध छेद देते कुआ लुकची सामुद्रधुनी. पश्चिमेला बाय चाय, हॉटेलांचा भाग. पूर्वेला होन गाय, कोळशाचं जुनं गाव. 27 डिसेंबर 1993 ला याच होन गाय गावाचं हालाँग शहर झालं. 1 जानेवारी 2020 ला ह्वान बो जिल्हा त्यात मिळवला आणि क्षेत्रफळ सुमारे 1,119 चौरस किलोमीटरवर गेलं. 1 जुलै 2025 पासून मात्र व्हिएतनामने जिल्हा पातळीवरची सगळी प्रशासनं रद्द केली. तेव्हापासून हालाँग हे एकसंध महापालिका शहर राहिलेलं नाही, त्याचे प्रभाग थेट प्रांताच्या अखत्यारीत आहेत. जुन्या नकाशांवरचे पत्ते जुळवताना हे लक्षात ठेवावं लागतं.

कुआ लुक सामुद्रधुनीच्या आत जवळपास बंदिस्त असा एक उपसागर आहे. त्यात ज़ियेन वाँग, त्रोई अशा नद्या येऊन मिळतात. भरती-ओहोटीचं एवढं पाणी एका अरुंद तोंडातून रोज आतबाहेर करतं, त्यामुळे प्रवाह जोरदार असतो आणि तोच तोंडाशी गाळ बसू देत नाही. उथळ किनाऱ्यावर खोल वाट मिळाली ती अशी, आणि तिच्याच आधारावर आत काय लान हे मोठ्या जहाजांचं बंदर उभं राहिलं. मग पूल बांधताना जहाजं अडू नयेत म्हणून तो उंच ठेवावा लागला. 2006 च्या डिसेंबरमध्ये खुला झालेला बाय चाय पूल पाण्यापासून सुमारे 50 मीटर वर आहे आणि त्याचा मधला गाळा 435 मीटरचा आहे. त्याआधी दोन्ही भाग फेरीबोटीने जोडलेले होते.

होन गायमध्ये बाय थो नावाचा चुनखडीचा डोंगर शहरातच उभा आहे. 1468 मध्ये राजा ले थान्ह तोंगने त्याच्या कड्यावर कविता कोरवून घेतली, बाय थो हे नाव त्यावरूनच पडलं. भूगोलाच्या नजरेने हा समुद्रातल्या सुळक्यांचाच भाऊ. फक्त याच्या पायथ्याशी समुद्राऐवजी बाजारपेठ आहे.

सपाट जमीन नसल्याने शहर समुद्रात भराव टाकूनच वाढलं. बाय चायची पुळण कृत्रिम आहे, वाळू बाहेरून आणून टाकलेली. तुआन चाऊ बेट बांध घालून किनाऱ्याला जोडलं आणि तिथे प्रवासी बोटींचं मोठं बंदर झालं. या भरावाखाली कांदळवनं गेली, आणि तिथूनच पुढची अडचण सुरू होते.

कोळशाच्या उघड्या खाणीत एक टन कोळशासाठी कित्येक घनमीटर वरचा खडक काढावा लागतो. फ्रेंचांनी 1888 मध्ये कंपनी काढून हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. शहराच्या मागे हा तू, हा लाम, नुई बेओ या खाणी आहेत, आणि काढलेल्या मुरुमाचे त्यांच्याजवळ डोंगरासारखे ढीग. वालुकाश्म आणि शेल फुटून बारीक होतात, मोठ्या पावसात काळा गाळ उतारावरून सुटतो. आधी खाजणं आणि कांदळवनं तो अडवायची. आता तो गटारांतून थेट उपसागरात येतो. तिथे बेटांनी लाटा आणि प्रवाह आधीच मंद केलेले असतात, पाणी उथळ असतं, म्हणून गाळ बाहेर निघून न जाता तिथेच बसतो. उपसागराला सुंदर आणि शांत करणारी बेटंच गाळाच्या बाबतीत त्याला कमकुवत करतात. 2015 च्या जुलैअखेरीस या प्रांतात विक्रमी पाऊस झाला तेव्हा खाणी पाण्याने भरल्या, ढिगांचा चिखल वस्त्यांत शिरला आणि माणसं दगावली. डोंगर आणि समुद्र यांच्यात जागाच नसल्याने पाण्याला पसरायला मैदान नव्हतं.

कधी जावं

अमरावतीच्या अक्षांशावर असूनही हालाँगचा हिवाळा वेगळा आहे. भारताच्या उत्तरेला हिमालयाची भिंत आहे. व्हिएतनामच्या ईशान्येला तशी भिंत नाही, त्यामुळे चीनकडून येणारी थंड हवा सरळ उतरते. जानेवारीचं सरासरी तापमान 16-17 अंशांच्या आसपास असतं. सुरुवातीच्या हिवाळ्यात ही हवा जमिनीवरून येते आणि कोरडी असते. फेब्रुवारीनंतर ती वळसा घालून समुद्रावरून येते, ओल धरते आणि किनाऱ्याजवळच्या गार पाण्यावर धुकं आणि भुरभुर पाऊस होतो. स्थानिक लोक त्याला मुआ फुन म्हणतात. दिवसेंदिवस ऊन दिसत नाही आणि सुळके शंभर-दोनशे मीटरवर पुसट होतात. म्हणून स्पष्ट दिसावं असं वाटत असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला.

मे ते सप्टेंबर उष्ण आणि पावसाचा, जुलै ते सप्टेंबर वादळांचा. 7 सप्टेंबर 2024 ला आलेल्या यागी वादळात बंदरात बांधलेल्या अनेक पर्यटक बोटी बुडाल्या. पण मोठ्या वादळाची सूचना दोन-तीन दिवस आधी मिळते. खरी काळजी घ्यावी लागते ती उन्हाळी दुपारच्या गडगडाटी वादळाची. बेटं समुद्राच्या लाटा अडवतात, पण ढगातून खाली कोसळणारा वारा अडवत नाहीत, उलट दोन कड्यांच्या मधल्या फटीत तो आणखी जोर धरतो. वर उंच मजले आणि खाली उथळ तळ असलेल्या बोटीला असा आडवा झोत काही क्षणांत कलंडवू शकतो. 19 जुलै 2025 च्या दुपारी अशाच वादळात एक पर्यटक बोट उलटली आणि तीसहून अधिक माणसं गेली.

तेव्हा उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळची फेरी घ्या. आकाश एका बाजूने शाईसारखं काळं झालं आणि गार वारा अचानक सुटला तर बोट पोचायची वाट न बघता लाइफ जॅकेट अंगात चढवा, आणि काचा लावलेल्या वातानुकूलित केबिनमधून उठून उघड्या दाराजवळ येऊन बसा. बोट उलटली तर केबिनचं दार पाण्याच्या दाबाने उघडत नाही.